कुर्ल्याची गाडी आणि सोलापूरचे शेठ

आमच्या ओसरीवर एक काचेचे कपाट आहे. एकेकाळी त्यात आईची तांब्यापितळेची भांडी असत. आता त्यात मोटारी आहेत. मोजून एकवीस. सगळ्यात मोठी हातभर लांब, सगळ्यात लहान करंगळीएवढी. भांडी माळ्यावर गेली, त्याबद्दल घरात अधूनमधून बोलणी बसतात आणि ती मी खालमानेने ऐकून घेतो. लिंबागणेशला चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला माणसे येतात. त्यातली चारदोन ओळखीची घरी चहाला येतात, आणि त्यांची पोरे चहा सोडून काचेला नाक लावून उभी राहतात. पोरांचे नाक काचेला लागले की मला बरे वाटते. हा छंद शहाण्यासुरत्या माणसाचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण निवृत्त झालेल्या शाळामास्तराने करायचे तरी काय?

इंग्लंडात असे छंदिष्ट घरोघर सापडतात म्हणे. तिकडे लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी नावाच्या गृहस्थाने आधी मेकॅनो काढला, मग खेळण्यातल्या आगगाड्या, आणि १९३४ साली डिंकी टॉइज या नावाने हुबेहूब छोट्या मोटारी. पुढे जॅक ओडेल या कारागिराने मुलीला शाळेत नेता यावा म्हणून काडेपेटीत मावेल एवढा रोडरोलर करून दिला आणि त्यातून १९५३ साली मॅचबॉक्स गाड्यांची मालिका निघाली. त्या गाड्यांवर वाढलेली पोरे आज आजोबा झाली आहेत आणि अजून गाड्या जमवताहेत. आपल्याकडे हे वेड कमी, कारण वेड परवडायला लागते. मी विकत घेतलेल्या गाड्या सहा. बाकीच्या पंधरा हाताने केलेल्या. गोडेतेलाचा डबा कापून पत्रा, सुताराकडच्या सागवानी ढलप्या, जुन्या चपलेची चाके आणि सदऱ्याच्या गुंड्यांचे दिवे. प्रमाण एकास चोवीस, म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट तो माझा अर्धा इंच. हे प्रमाण एकदा डोक्यात बसले, की माणूस रस्त्याने जाताना समोरच्या गाडीला मनातल्या मनात चोविसाने भागत चालतो.

पहिली केली ती फार्गो ट्रक. तिच्यामुळेच आजचा हा लेख.

माझे वडील फार्गोवर होते. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. दसरा झाला की आमच्या भागातल्या टोळ्या कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे निघत आणि वडील ट्रक घेऊन नीरेच्या काठाला ऊस वाहायला जात. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. गावातल्या विहिरी आटल्या, शाळेत पोरे उरली नाहीत, आणि आईने मलाही वडिलांबरोबर पाठवून दिले. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरजवळ उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोप्या होत्या. त्यातल्या एकीत आम्ही निजायचो. पहाटे काळोखात फार्गोचे नाक दिसायचे, मोठे, गोल, रागावलेल्या बैलासारखे. ती गाडी कुठे झाली, असे मी एकदा विचारले. मुंबईला, कुर्ल्याला, वालचंदशेठच्या कारखान्यात, असे वडिलांनी सांगितले. मग हा ऊस कुणाचा होता, आणि हे गाव कुणाच्या नावाचे, असे मी विचारले. त्यांनी विडी पेटवली आणि सगळ्यालाच शेठचे नाव असल्याचे सांगितले. शेठ वारले त्याला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. पोराच्या मनात मात्र तो माणूस त्या दिवशी जन्मला. एकाच माणसाचा ऊसही आणि उसाचा ट्रकही, हे कसे काय?

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणे गुजराती दिगंबर जैनांचे, पण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात मुरलेले. कापसाचा व्यापार, सावकारी, अडत असा घरचा धंदा. आई त्यांच्या जन्मानंतर लवकरच गेली. शिक्षणासाठी ते मुंबईला सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले, पण पदवी काही पदरात पडली नाही. घरचा धंदा हाती घेतला, त्यात जीव रमला नाही. व्याज मोजत गादीवर बसणे हा त्यांचा पिंड नव्हता.

त्यांना वाट दाखवली ती लक्ष्मणराव फाटक यांनी. फाटक रेल्वेत कारकून होते आणि पुढे ठेकेदारीत उतरले होते. फाटकांकडे कामाचे ज्ञान, वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची पत आणि वय पंचविशीच्या आतले. दोघांनी भागीदारी केली आणि पहिले काम मिळाले ते बार्शी लाइट रेल्वेचे, येडशी ते तडवळे. उणीपुरी सात मैल लांबीची, अडीच फूट रुंदीची रेल्वे. आम्ही बीडची माणसे सोलापूरला जाताना येडशीवरून जातो. तिथल्या टपरीवर चहा घेताना कुणाच्या मनात येत नाही, की देशात पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी करू पाहणाऱ्या माणसाने पहिली कुदळ इथे मारली. ती रेल्वे मोठी झाली, रुंद झाली, जुनी अरुंद वाट इतिहासजमा झाली. मला तरी येडशी आली की खिडकीतून बाहेर पाहिल्याशिवाय राहवत नाही.

तिथून पुढे कामे वाढतच गेली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईला तानशाचे पाणी आणणारे नळ, ब्रह्मदेशात इरावतीवरचा पूल. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन ही कंपनी निघाली. हा सगळा हिशेब द्यायचा तर पुरवणीची सगळी पाने लागतील. पण एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथे या माणसाचा स्वभाव दिसतो. पहिले महायुद्ध संपले तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे लॉयल्टी नावाचे जहाज विकायला होते. युद्धात त्याचा इस्पितळ म्हणून उपयोग झालेला. वालचंदांना समुद्राचे ज्ञान शून्य. सोलापूरकराला समुद्र कुठून ठाऊक असणार! पण त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी मित्र गोळा केले आणि जहाज घेऊन टाकले. शिंदे या नावाचे इंग्रजांनी केलेले सिंदिया हे रूप कंपनीला मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. आपण आज ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो त्या दिवसाचा. इंग्रज कंपन्यांनी मग भाडी उतरवून सिंदियाचा श्वास कोंडला. १९२३ साली तडजोडीचा करार झाला, त्यात सिंदियाला किनाऱ्यापुरतेच बांधून घातले गेले. दुसरा कुणी असता तर हात पोळला म्हणून बाजूला झाला असता. हे गृहस्थ १९२९ पासून १९५० पर्यंत त्याच कंपनीचे अध्यक्ष राहिले.

आता मोटारीकडे येतो. छंदिष्टाला धीर कुठला!

त्या काळात हिंदुस्थानात मोटारी नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. पण जोडणे वेगळे आणि घडवणे वेगळे. हा फरक मला माझ्या ओसरीवर कळला. बाजारातून सुटे भाग आणून तयार होणारी मोटार मी दोन दिवसांत उभी करतो. पत्र्यातून नाक ठोकून काढायला मला महिना लागतो, आणि तरीही डावा मडगार्ड उजव्यासारखा होत नाही. पेट्यांतून भाग आणून नट आवळणाऱ्या कारखान्याने देशात कारागीर तयार होत नाहीत, हे विश्वेश्वरय्यांनी ओळखले होते. तिशीच्या दशकात त्यांनी देशी मोटार कारखान्याची योजना तयार केली आणि ती पुरी करायला त्यांना वालचंद भेटले. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते, त्याचीही सहानुभूती होती. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही. क्रायस्लर कंपनीशी जमले आणि १९४० मध्ये करार झाला. डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गो ही सगळी क्रायस्लरच्याच घरची भावंडे. नाकावरचे नाव बदलले तरी आतला वंश एक.

पण दिल्लीत सरकार इंग्रजांचे होते आणि युद्ध पेटले होते. कारखान्याला लागणारी यंत्रे आणण्याची परवानगी मिळेना, सरकार गाड्या विकत घेण्याची हमी देईना. इथल्या सैन्याला हजारो ट्रक लागत होते, आणि ते इथे करायला माणूस तयार होता, तरी ते समुद्रापलीकडून येत राहिले. मोटारीची फाइल धूळ खात पडली.

यातली गंमत अशी, की मोटारीच्या नादात विमान हाती लागले. त्याच अमेरिकेच्या दौऱ्यातून परतताना पॅसिफिकवरून उडणाऱ्या विमानात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकनाशी पडली. हा गृहस्थ चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. गप्पांत विषय निघाला आणि उतरेपर्यंत बेत शिजला. म्हैसूर संस्थानाने भागीदारी घेतली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिथे जोडलेले विमान उडालेसुद्धा. मोटार मागितली तर नकार देणाऱ्या सरकारला विमानाची मात्र गरज होती. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या हाती घेतला. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळ ते. जहाजबांधणीचेही तसेच. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणला राजेंद्रबाबूंच्या हस्ते पायाभरणी झाली. तिथले पहिले मोठे जहाज जलउषा मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी पाण्यात सोडले आणि १९५२ मध्ये त्या गोदीचाही मोठा हिस्सा सरकारकडे गेला. या माणसाने रोप लावायचे आणि झाड दुसऱ्याच्या परसात जायचे, असे दोनदा झाले. ती राष्ट्राची गरज होती, मला मान्य आहे. पण ज्याचे गेले त्याला काय वाटले असेल, हा विचार मनात येतोच.

मोटार मात्र त्यांच्याकडेच राहिली. १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स दोनच वर्षे आधी, १९४२ मध्ये, निघाली होती. कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच साली, तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. विश्वेश्वरय्यांच्या योजनेपासून मोजले तर दशकभर उशीर. माझ्या कपाटात दुसऱ्या फळीवर एक प्लिमथ आहे, गडद निळी. तिची छायाचित्रे जमवायला मला चार वर्षे लागली. मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत खरी पाहिली तेव्हा मी खिशातून टेप काढून मोजू लागलो आणि मालकाने मला चोर समजून हटकले. कारण सांगितल्यावर त्याने बॉनेट उघडून दाखवले आणि वर सरबत पाजले. जुन्या गाड्यांची माणसे अशीच असतात.

फियाटशी करार झाला तो पुढे, पन्नाशीच्या दशकाच्या तोंडाशी. आधी इवलीशी फियाट ५०० आली. आणि १९५४ मध्ये आली ती फियाट ११००, जिला आपल्या लोकांनी डुक्कर फियाट म्हटले. गुबगुबीत पाठ, पुढे काढलेले नाक; नाव ठेवणाऱ्याला मानले पाहिजे. सुरुवातीच्या गाडीचे पुढचे दरवाजे उलटे, बिजागऱ्या मागच्या अंगाला. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, म्हणून पुढच्या सलग बाकावर तिसरा माणूस आरामात मावायचा, आणि आपल्याकडे चौथाही मावायचा. हिचीच पुढची रूपे म्हणजे १९६४ ची ११००-डी आणि १९७४ पासूनची प्रीमिअर पद्मिनी. लांबी तेरा फुटांच्या जराशी आत. माझ्या प्रमाणात साडेसहा इंचाला थोडी कमी. वाचकांपैकी कितीजण या गाडीतून वरातीला गेले असतील, कितीजणांचे बाळ या गाडीतून दवाखान्यातून घरी आले असेल! मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तर ती तीनचार पिढ्यांना ठाऊक. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली.

वालचंदांनी यातले काही पाहिले नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी ते कारभारातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचे निधन झाले. डुक्कर फियाट रस्त्यावर आली ती त्यांच्यानंतर. त्याच १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशींवरून सरकारने ठरवले, की जे इथे सुटे भाग घडवणार नाहीत त्यांना इथे नुसत्या गाड्या जोडता येणार नाहीत. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. वालचंद जे वीस वर्षे सांगत होते ते सरकारी कागदावर आले, ते असे, त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आत. पुढे सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले. तिथे शिकलेले इंजिनिअर महाराष्ट्रभर आहेत.

इथवर लिहून थांबलो असतो तर चरित्र गोड झाले असते. पण मला कोपीतली पहाट आठवते.

नाशिक जिल्ह्यात रावळगावला वालचंदांनी विशीच्या दशकात ओसाड माळ घेतला, तो नांगरून १९३३ मध्ये साखर कारखाना काढला. रावळगावच्या गोळ्या आपण सगळ्यांनी चघळल्या आहेत. इंदापूरच्या कळंबजवळचा कारखाना त्याच सुमाराचा, त्याचेच पुढे वालचंदनगर झाले. रस्ते, शाळा, दवाखाना, वीज, सगळे त्या माळावर आले, ते मी दहाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिले आणि हरखून गेलो. आमच्या लिंबागणेशला तेव्हा संध्याकाळी कंदील लागत होते. पण उसाला जमीन लागते. त्या काळी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे आणि १९६३ पासून शेती महामंडळाकडे गेल्या. ज्यांनी खंडाने दिल्या होत्या त्या खंडकऱ्यांना त्या परत मिळण्यासाठी दोन पिढ्या खेटे घालावे लागले. जमीनवाटप खऱ्या अर्थाने सुरू झाले ते २०१२ च्या सुमारास. याचा दोष एकट्या वालचंदांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कायदा आणि दिरंगाई त्यांच्या मृत्यूनंतरची. पण माळावर नगर वसले या वाक्याच्या पोटात ही माणसे आहेत. आणि ऊस तोडणारी आमची माणसे तर त्या वाक्यात कुठेच नाहीत. शेठनी इंग्रजांशी टक्कर घेतली, देशात यंत्र घडावे म्हणून आयुष्य वेचले, हे मी मास्तर म्हणून वर्गात तीस वर्षे अभिमानाने शिकवले. मात्र यंत्राच्या एवढ्या वेड्या माणसाच्या फडातही ऊस तोडायचा तो कोयत्याने, आणि वाहायचा तो डोक्यावरून, हे शिकवताना माझा आवाज दरवेळी थोडा खाली यायचा. वडिलांना शेठबद्दल आदर होता. त्यांच्या लेखी फार्गो कधी दगा देत नव्हती आणि त्यांचा हिशेब तिथेच पुरा होत होता. माझा होत नाही.

म्हणून फार्गोचे मॉडेल केले तेव्हा ते रिकामे ठेवायचे नाही असे ठरवले. कडब्याच्या काड्या बोटाच्या पेराएवढ्या कापल्या, दोऱ्याने बांधून मोळ्या केल्या आणि ट्रकच्या हौद्यात रचल्या. मला वाटले, झकास जमले. गेल्या पौषात शेजारच्या आळीतल्या एक आजी ओसरीवर आल्या. तीस-बत्तीस हंगाम तोडणी केलेली बाई. त्यांनी कपाट उघडायला लावले, ट्रक मांडीवर घेतला आणि बराच वेळ निरखला. नाकाबद्दल, चाकांबद्दल, मी एवढ्या कष्टाने लिहिलेल्या फार्गोच्या अक्षरांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मोळी चुकीची बांधली आहे, एवढेच त्यांनी दाखवून दिले. मोळी दोऱ्याने कुणी बांधत नाही, वाढ्याने बांधतात, आणि गाठ मारत नाहीत, पीळ देऊन खोचतात. मग त्यांनी अंगणातले वाळके गवत मागवले, सगळ्या मोळ्या सोडल्या आणि दुपार कलेपर्यंत एकेक पुन्हा बांधून काढली. बोटे वाकडी झालेली, पण पीळ पक्का. चव्वेचाळीस मोळ्या झाल्या. शेवटची रचून झाल्यावर त्यांनी चहा घेतला आणि जाता जाता विचारले, की मोळ्यांवर बसायला माणूस कुठे आहे.

तो आता करायला घेतला आहे. एकास चोवीस प्रमाणात माणूस पावणेतीन इंचांचा होतो. बाई करायची म्हटली तर अडीच.